तांब्याच्या तारेतला ओस्नाइदेर

संध्याकाळचे सहा वाजत आले की आमच्या दारात निम्मी गल्ली झुलत्या खुर्च्या घेऊन हजर. कोणी मेणबत्त्या आणायचं, कोणी तळलेले मासे. आत माझ्या भावाचं, ओस्नाइदेरचं, होम थिएटर नुसतं चालू असायचं, त्यावर काही लावलेलं नसायचं. आणि सहाच्या ठोक्याला त्या मुक्या स्पीकरमधून खरखरत यायचं, "आई... ऐकतेस ना... येतोय..."

बायका छातीवर क्रूसाची खूण करायच्या. आवाज ओस्नाइदेरचाच होता, त्यात मलाही शंका नव्हती. कार्निव्हल संपल्यावर तो मासेमारीला गेला आणि होडी तेवढी परत आली.

"ऐकलंस, नोहेमी?" आई माझा हात घट्ट धरायची. "आणि तुम्ही म्हणता, माझ्या पोराची हाडं झाली!"

खारफुटीत हाडं सापडली होती. ती कोणाची हे ठरवायला सरकारी दवाखान्याला आईच्या तोंडातली लाळ हवी होती, कापसाच्या काडीवर, थोडीशी. आई तयार नव्हती, कारण फिलादेल्फोने तिला बजावलं होतं.

हा फिलादेल्फो पूर्वी भुतं उतरवायचा, हल्ली तारा जोडायचा. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरमधली ऑप्टिकल केबल त्यानेच उपटली होती. तिच्या जागी लाल-पांढऱ्या पिनांची लांबलचक तांब्याची तार लावून खिडकीच्या लोखंडी गजांना गुंडाळली होती.

"डिजिटल म्हणजे काय, सेन्योरा? शून्य आणि एक!" तो मासा चावत म्हणायचा. "तुमचा मुलगा शून्य आहे की एक? ती केबल काचेची, काचेवरून आत्मा घसरतो. तांबं माया धरून ठेवतं. आता लाळ दिलीत तर तो मेला हे तुम्हीच कबूल केलंत. मग तो कशाला परत येईल?"

"पण तो रोज सहालाच का बोलतो?" मी विचारलं. "दुपारी झोपतो?"

"शाळेत विज्ञान शिकवता म्हणून देवाला फळ्यापुढे उभं करू नका, बाई. स्वर्गालाही वेळापत्रक असतं."

लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगते, तो आवाज मलाही हवा होता. सहा वाजायच्या आत घरी पोचायला मीही धावतच यायचे.

एकदा शाळेत उशीर झाला. बस थांब्याजवळच्या दुकानात रेडिओ चालू होता. आमच्या गल्लीत ओस्नाइदेर गेल्यापासून कोणी रेडिओ लावला नव्हता. दुःखाच्या घरी तो भिंतीकडे तोंड करून ठेवतात आणि शेजारीही ते पाळतात. सहा वाजले आणि त्या रेडिओतून ओळखीचा आवाज आला. मी काउंटरला धरून रडले.

दुसऱ्या संध्याकाळी स्पीकर "आई..." म्हणाला, तशी मी लाल-पांढऱ्या पिना उपसल्या आणि ऑप्टिकल केबल खोचली. स्पीकर बंद पडला.

"मारलंस!" आई किंचाळली. "दुसऱ्यांदा मारलंस त्याला!"

"बघा, डिजिटलने गिळला!" फिलादेल्फो उभा राहिला.

मी भिंतीकडे तोंड केलेला रेडिओ वळवला आणि स्टेशन लावलं. काल दुकानात ऐकलेली ती ओळ कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन-तीनदा वाजते.

"आई, ऐकतेस ना? जेवायला थांबू नकोस! आज चौकात एल त्रुएनो येतोय!"

स्वच्छ आणि हसरा, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा आवाज. एल त्रुएनो हा आमचा पिको, म्हणजे नाचगाण्यासाठी चौकात लावायचा भिंतीएवढ्या रंगीत स्पीकरांचा संच. शनिवारी त्यावर आरोळ्या द्यायचं काम ओस्नाइदेरचं. पिकोच्या मालकाने त्याची शेवटची आरोळी आठवण म्हणून रेडिओला दिली होती. स्टेशनचा मनोरा चर्चमागे आहे आणि फिलादेल्फोचं घर त्या मनोऱ्याखाली. त्याला सहाची वेळ माहीत नसेल तर कोणाला! खिडकीच्या गजांना गुंडाळलेली ती उघडी तार रेडिओच्या लहरी पकडायची आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यातून तुटके शब्द काढायचा. ऑप्टिकल केबलमधून जातो फक्त प्रकाश, त्या लहरींना तिथे शिरकावच नसतो.

"रेडिओलाही आत्मा..." फिलादेल्फो सुरू झाला.

रोज मासे तळून आणणाऱ्या शेजारच्या नुरिसमावशीने त्याच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली. "ऊठ. मासा राहू दे."

आई रेडिओजवळ जाऊन बसली. "म्हणजे येतोय ते... तो नव्हे?"

"नाही, आई. पिको."

दोन दिवसांनी तिने दवाखान्यात तोंड उघडलं. हाडं ओस्नाइदेरचीच निघाली. आम्ही त्याला आजोबांशेजारी पुरलं.

तुम्हाला घरात अ‍ॅनालॉग जोडायचं की डिजिटल, हे तुमच्या कानांनी आणि तुमच्या यंत्राने ठरवावं. मेलेल्यांना दोन्ही तारा ओळखत नाहीत. आवाज ऐकू आला तर जरूर ऐका, पण तो कुठून येतो हे शोधा. आणि जो माणूस ते शोधू देत नाही, त्याला दारात उभं करू नका. दुखावलेल्या माणसाच्या घरात तर मुळीच नाही.

आता आमच्या गल्लीत पुन्हा रेडिओ वाजतात. आईही रोज सहाला लावते. "येतोय!" असं ऐकू आलं की मान हलवून हळूच म्हणते, "नाही रे बाळा. पिको येतोय."