डब्यातली घोंगडी

"बंदूक खाली ठेव, तुला बायकोपासून कुणी तोडणार नाही," असा शब्द गोऱ्यांच्या मोठ्या साहेबानं माझ्या नवऱ्याला, हाश्केला, दिला. मला तेव्हाच तो शब्द खोटा वाटला. पण डोंगरात आम्ही उपाशी, मागं फौज. ठेवली त्यानं बंदूक.

मग आगगाडी. खिडक्यांना खिळे ठोकलेले. पुरुषांचा डबा मागं, वेगळा, म्हणाले. मी दारातच फतकल मारली. "हा माझ्याजवळच बसेल, नाहीतर घाला गोळी." शिपायानं हाश्केला मुकाट आत सोडलं. इतक्या लवकर ऐकलं, हेच मला खटकलं.

आता पंचाईत आईची. आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, बघितलं तर डोळे जातात. म्हणून मी मधे घोंगडी बांधली. अलीकडे तो, पलीकडे ती, आणि मी निरोप्या.

"विचार त्याला, जेवला का?"

"सांग, पत्र्याच्या डब्यातलं मांस खाल्लं. मेलेल्या खेचराचं असावं."

पलीकडे आई खुदकन हसली.

तेवढ्यात दुभाष्या तोमास आला. "घोंगडी काढा. साहेबाचा हुकूम आहे, सगळे दिसले पाहिजेत."

"ती का बांधलीय, ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे, ताई. पुढच्या स्टेशनापर्यंत भाऊजींना मागच्या डब्यात बसू दे. मी परत आणून सोडतो. आईशप्पत."

"कुठल्या आईची? तुला पोरक्याला वाढवलं, ती घोंगडीमागं बसलीय."

त्यानं घोंगडी ओढून काढली. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी हाश्केची बाही धरली. "उठू नकोस. तू आपणहून उठावंस, एवढंच हवंय त्यांना."

"कळतंय गं. पण म्हातारीनं कुठवर असं बसायचं?"

आणि तो उठला. कुठल्याही शिपायानं त्याला हात लावला नाही.

पुढच्या स्टेशनावर मी दाराशी धावले. आमच्या मागं डबाच नव्हता, नुसते रूळ. वाटेत कुठंतरी सोडवून दुसरीकडे नेला होता. तोमासही उतरून गेला होता. मी खालीच बसले आणि त्या दुभाष्याला तोंडाला येईल ते बोलले.

आई माझ्याजवळ आली. "जावयाचं तोंड बघून डोळेच गेले असते ना माझे," ती म्हणाली. "जाऊ द्यायचे होते, पोरी. मला आता काय बघायचं राहिलंय?"