आखाजीचा मुराळी

सासरी असलेल्या बाईला सणाला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. माझा मुराळी माझा भाऊ सुपडू. बावन्न वर्षं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी जामनेरला माझ्या दारात तो उभा राहायचा. घाम पुसत म्हणायचा, "अक्का, चाल." मी मुद्दाम तासभर उशीर करायची. त्याशिवाय गल्लीला कसं कळणार, मला न्यायला माणूस आलंय ते.

माघात सुपडू गेला. परवा त्याच्या पोराचा, योगेंद्रचा धुळ्याहून फोन.

"आत्या, आखाजीला गाडी पाठवतो."

"गाडी कुणी मागितली? तू ये."

"सुट्टी नाही गं. एसी गाडी आहे."

काल गाडी आली. ड्रायव्हर झुलाल, भला माणूस. म्हणाला, "चला आत्या, बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात." सगळे वाट बघतायत म्हणे.

"तू माझा कोण?"

बिचाऱ्याला जेवू घातलं, पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि तसाच परत पाठवला. शेजारची पुष्पाबाई ओट्यावरून बघत होती. तिला म्हटलं, मला एसी सोसत नाही. मालक जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा सुरतेला. आत येऊन उरलेली एक पोळी खाल्ली, ताट धुतलं.

संध्याकाळी सुपडूच्या बायकोचा, लताचा फोन. नणंद-भावजय म्हणून आमचं कधी धड पटलं नाही.

"अक्का, गाडी रिकामी आली."

"रिकामी कशी? डबा होता ना."

"तुम्हाला निदान गाडी तरी आली. माझे दोघं भाऊ जाऊन दहा वर्षं झाली. मला कुणी विचारत नाही."

मीही विचारलं नव्हतं. दर आखाजीला मी माहेरी बसून पोळ्या खायची, त्या तीच लाटायची.

म्हटलं, "उद्या मी येते. तुझी मुराळी. चार दिवस माझ्याकडं राहा, भांडू."

"बाई कधी मुराळी असते का?"

"आता तुझ्यामाझ्यात पुरुष उरलाय कोण?"

मग म्हणाली, "योगेंद्रला विचारून सांगते."

आज आखाजी. तिचा फोन काही आला नाही. साडेनऊच्या एसटीत बसले आहे, शेजारची सीट रिकामी. काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारू दे. दारात आलेल्या मुराळ्याला नाही म्हणत नसतात, एवढं योगेंद्रला मलाच शिकवावं लागणार.