दहावा पदर

सरकारी अवकाश केंद्रात शिवणखातं असतं हे ऐकलं की पाहुणे हमखास हसत. मग खात्यातल्या टाकेबाई चष्म्यावरून बघत विचारत, "थंडीत तुम्ही उघडेच फिरता वाटतं?"

उपग्रहालाही पांघरूण लागतं. तिथे ऊन पडलं की भाजतं, सावली आली की गोठतं. मधलं काही देवानं ठेवलेलंच नाही. म्हणून कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, चकचकीत पदर एकावर एक रचायचे, दोन पदरांमध्ये बारीक जाळी घालायची आणि सगळं हातानं शिवायचं. यंत्र कापड ओढतं आणि पदर फाटतो. टाकेबाई ओढत नसत. पहिला टाका घालण्याआधी सुई कपाळाला लावायची आणि मग श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. सदतीस वर्षांत त्यांचा एक टाका उसवला नव्हता. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते आणि हातातलं शेवटचं काम, नव्या हवामान उपग्रहाचं पांघरूण, त्या दुपारी पुरं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपग्रह अग्निबाणाच्या टोकात बसवून त्याच्यावर झाकण लागणार होतं. एकदा ते लागलं की आत माणसाचा हात पोचायचा नाही.

त्या घरी आल्या तेव्हा नवरा चहा करत होता. हा मासेमार गडी; साठी उलटली तरी होडी सोडवत नव्हती. बायकोच्या नोकरीवर त्याचा एकच ठरलेला विनोद होता. "काय, घातलंस का आभाळाला अंगडं?"

"घातलं. काजळतीटही लावली. चहा द्या आधी."

त्यानं कप भरले आणि पातेलं हातात धरून विचारलं, "उरलेलं दूध टाकू का गं?"

"टाका," टाकेबाई पाय चोळत म्हणाल्या.

त्यानं ते मोरीत ओतलं.

"अहो! चहात टाका म्हटलं मी! एवढं चांगलं दूध!"

"मला वाटलं, नासलं असेल. टाका म्हणालीस, टाकलं. माझं काय चुकलं?"

टाकेबाई भांडायला उठल्या आणि अर्ध्यातच थबकल्या. चारच दिवसांपूर्वी इंजिनियरबाईंची चिठ्ठी आली होती. कॅमेऱ्याभोवतीचे नऊ पदर शिवून झाले होते. दहावा कापून नुसता टाचून ठेवला होता. ठेवायचा की काढायचा ते थंडीच्या चाचणीनंतर ठरणार होतं. चिठ्ठीत चारच शब्द होते: 'कॅमेऱ्याचा दहावा पदर टाका.'

त्या महिन्यात केंद्रात जिकडेतिकडे एकच धोशा होता, वजन कमी करा, वजन कमी करा. टाकेबाईंनी मुकाट्यानं टाचण्या काढल्या आणि पदर काढून घेतला. मग तपासनीस वही घेऊन आला.

"दहावा टाकला?"

"टाकला."

त्यानं खूण केली, दोघांनी सह्या केल्या, आणि दोघंही समाधानानं जेवायला गेले.

"अहो," टाकेबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या, "स्कूटर काढा."

"चहा तर..."

"चहा टाका!" त्या ओरडल्या. नवऱ्यानं या वेळी कुठे ते विचारलं नाही.

वाटेत त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं! गप्प बसलं तर? कदाचित बाईंना खरंच काढायचाच असेल. वहीत खूण आहे. नऊ दिवसांनी हार, नारळ, भाषण, 'सदतीस वर्षांत एकही चूक नाही' असं वाक्य साहेबांनी लिहूनही ठेवलं असेल. कुणाला कळणार? देवाला कळेल. आणि त्याच्या आधी सासूबाईंना.

सासूबाई या शिवणखात्याच्या पहिल्या बाई. केंद्र तेव्हा म्हणजे मिठाची एक जुनी वखार. छपरातून कबुतरं शिटायची आणि साहेब लोक कागद सांभाळत गणितं करायचे. पहिला अग्निबाण माणसाएवढा होता, हातगाडीवरून नेला, आणि चार श्वासांत समुद्रात जाऊन पडला. लोक हसले. 'घरात नाही पीठ आणि सरकार निघालं आभाळात' म्हणाले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा नवरा एका सकाळी निरभ्र आकाश बघून समुद्रावर गेला होता. वादळाची खबर कुणी द्यायची? वारा आला तीच खबर. त्यानंतर त्या वखारीत शिवायला बसल्या, आणि पुढे सुनेला हाताला धरून तिथेच बसवलं. बजावलं, "ही लोकांची चीज आहे. चिंधीसुद्धा फेकायची नाही."

पुढे पहिला हवामान उपग्रह वर गेला. तिसऱ्याच वर्षी मोठं वादळ आलं. पण त्याची खबर दोन दिवस आधी आली आणि झाडून सगळ्या होड्या धक्क्याला परतल्या. त्यातल्या एका होडीवर होता हाच गडी, जो आता पुढे बसून स्कूटर हाकत होता आणि पुटपुटत होता, "दूध काय ते, एवढं कुणी रागावतं का!"

इंजिनियरबाई टाकेबाईंच्या मुलीच्या वयाच्या. त्या स्वच्छ दालनाच्या दाराशी पांढरा झगा चढवत होत्या.

"मावशी? घरी गेला नाहीत?"

"बाई, चिठ्ठीतलं 'टाका' म्हणजे घाला की काढा?"

"घाला! चाचणीत कॅमेरा गारठला होता. म्हणून तर..." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही काय केलंत?"

"काढला. माझी चूक. वहीत माझी सही आहे."

इंजिनियरबाई भिंतीला टेकल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि चिठ्ठीत माझं अक्षर आहे. बसवा असं लिहायला मला काय झालं होतं? सावलीत गेल्याबरोबर तो आंधळा झाला असता, मावशी. आता नवा पदर कापायचा, धुवायचा... तीन दिवस. कुठून आणू तीन दिवस?"

"नवा कशाला? आहे की तो."

"तुम्ही टाकलात ना?"

"खणात टाकला. बंद पिशवीत, धुतलेला, चिठ्ठीसकट." टाकेबाईंनी कमरेची किल्ली काढली. "फेकायची सवय नाही आमच्या घरात."

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

मग टाकेबाई झगा, टोपी, हातमोजे घालून शिडीवर चढल्या. दालनातली कामं थांबली. तपासनीस खाली मान घालून दिवा धरून उभा राहिला. खालून बाई एकेक टाका मोजत होत्या. टाकेबाईंनी सुई कपाळाला लावली आणि सोन्यासारख्या झळकणाऱ्या त्या अंगावर दहावा पदर चढवला. एकही टाका वाकडा गेला नाही. एकशे बारावा टाका घालून त्यांनी गाठ मारली आणि कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन पुटपुटल्या, "जा बाई. ऊब दिलीय. आमच्या माणसांवर नजर ठेव."

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी 'एकही चूक नाही' हे वाक्य वाचलं नाही. टाकेबाईंनीच त्यांना ते खोडायला लावलं. त्याऐवजी केंद्रात एक नवा नियम वाचून दाखवला गेला: यापुढे कामाच्या कागदावर 'बसवा' लिहावं किंवा 'काढा' लिहावं, 'टाका' हा शब्द फक्त शिवणखात्यानं वापरावा. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या तपासनिसानं वाजवल्या.

वर्षभरानं एका लख्ख, निवांत सकाळी धक्क्यावरचा भोंगा वाजला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. बंदर कचेरीच्या पडद्यावर मात्र दूरच्या समुद्रात एक पांढरा भोवरा दिसत होता, अगदी काठाकाठासकट स्वच्छ. दोन दिवस कुणीही जाळी टाकू नयेत, असं भोंगा सांगत होता. होड्या एकेक करून परत येऊन खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. एक तरणा मासेमार वर बघत कुरकुरला, "एवढं ऊन पडलंय. यांना तिथून काय दिसतं कोण जाणे!"

गर्दीत मागे टाकेबाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा, दोर बांधता बांधता, ताठ झाला.

"दिसतं! सगळं दिसतं," तो धक्काभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ते अंगडं आमच्या घरचं आहे."