पाचगणीतले सहा महिने

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी आकाराम आपल्या मुलाला घेऊन पाचगणीला राहायला गेला. आकारामचं वय अडुसष्ट, मुलगा जयराज एक्केचाळीसचा. एसटीतून उतरल्यावर दोन्ही बॅगा, अंथरुणाची वळकटी आणि शेगडी बापानं उचलली. मुलगा मोकळ्या हातांनी मागून येत होता, तरी दर वीस पावलांवर बापालाच थांबावं लागत होतं.

जयराज कुपवाडला एका फाउंड्रीत एकोणीस वर्षं कामाला होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांना चिकटलेली वाळू झाडायची आणि ग्राइंडरनं ते घासून गुळगुळीत करायचे, हे त्याचं काम. तोंडाला टॉवेल बांधायचा. संध्याकाळी दारात तो झटकला की बायको रेश्मा आतून ओरडायची, "लांब जाऊन झटका!" खोकला सुरू झाला तेव्हा आधी टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. मग मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, की ही वाळूचीच धूळ आहे, फुप्फुसात बसलीय, ती आता काढता येत नाही. उठता उठता ते म्हणाले, "धुळीपासून लांब ठेवा. कुठं चांगल्या हवेत काही महिने राहता आलं तर बघा."

आकारामनं ते शेवटचं वाक्य धरून ठेवलं. पलूसला घराच्या चारी बाजूंनी ऊस. पाचट पेटवलं की राख थेट परड्यात येऊन पडायची. कुपवाडची खोली तर कारखान्यांच्या मधोमध. आकारामबरोबर फौजेत असलेला गुंडा शेडगे पाचगणीत एका बंगल्यावर राखणदार होता. त्याला आकारामनं फोन केला.

"मागची एक खोली मोकळी हाय गड्या," गुंडा म्हणाला. "मालकाला इचारतो, न्हाई म्हणायचा न्हाई त्यो. घिऊन ये पोराला. हितली हवा म्हंजे औषिद हाय."

रेश्मा कुपवाडलाच राहिली. तिची पॅकिंगची नोकरी होती आणि अंकिता दहावीला होती. एसटी हलली तेव्हा अंकिता खिडकीशी येऊन म्हणाली, "पप्पा, परीक्षेला याल ना?" जयराजनं मान हलवली. बोललं तर खोकला येईल म्हणून तो बोलला नाही.

पाचगणीला आकारामनं दिवस फौजेसारखा आखून घेतला. पहाटे उठायचं, पाणी तापवायचं, जयराजला वाफ द्यायची, चहा. बायको साळूबाई असेपर्यंत तो चुलीपुढे कधी बसला नव्हता. आता तो गुंडाच्या बायकोकडून, विजयमालाकडून, भाकरी थापायला शिकला. पहिल्या आठवड्यात भाकरी उलटताना मोडायची. जयराज तुकडे दुधात कुस्करून खायचा आणि म्हणायचा, "मोडलेलीच बरी हाय, आबा. कुस्करायला सोपी."

नऊ वाजता दोघं बाहेर पडायचे. आकाराम एक प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घ्यायचा. जयराज थकला की खुर्ची खाली ठेवायची, त्यानं बसायचं, श्वास खाली बसला की पुन्हा चालायचं. टेबल लँडच्या पायऱ्यांपर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता त्यांना तास-सव्वा तास लागायचा. फिरायला आलेली माणसं वळून वळून बघायची. एकदा एका पोरानं विचारलं, "आजोबा, खुर्ची विकायला आहे का?" आकारामला राग आला, पण जयराज हसला. हसण्यातून खोकला उठला आणि तो थांबायला बराच वेळ लागला.

पायऱ्यांच्या खाली सिल्व्हर ओकच्या सावलीत ते बसायचे. जयराज नुसता बसलेला दिसायचा, त्यामुळे लोक त्याच्या हातात फोन द्यायचे. "दादा, एक फोटो काढता का?" नवीन लग्न झालेली जोडपी, गुजरातचे, पुण्याचे, शाळेच्या सहली. तो उठून उभा राहायचा, श्वास रोखायचा, फोटो काढायचा आणि मग खुर्चीत बसून धापा टाकायचा.

"न्हाई म्हण की," आकाराम एकदा म्हणाला.

"एवढं तरी हुतंय, आबा."

डिसेंबरात त्याला खरंच बरं वाटलं. रंग उजळला, भूक लागायला लागली. आकारामनं रेश्माला फोन करून सांगितलं, "आज एक अख्खी भाकरी खाल्ली. दोनदाच बसला वाटंत." हे सांगताना त्याचा आवाज मोठा झाला होता. पलीकडे रेश्मा रडत होती, पण त्याला ते कळलं नाही. त्याला वाटलं रेंज गेली.

अडचण शनिवार-रविवारची असायची. पुढचा बंगला त्या दिवसांत पाहुण्यांना दिला जाई. गाड्या यायच्या, अंगणात गाणी लागायची, कोळशावर मांस भाजलं जायचं आणि धूर मागच्या खोलीत शिरायचा. आकाराम दारं-खिडक्या बंद करून फटींना ओली फडकी लावायचा. जानेवारीत एका पाहुण्यानं गुंडाला बोलावून विचारलं, "मागे कोण सारखं खोकतंय? आम्ही लहान मुलं घेऊन आलोय. काही पसरणारं असलं तर?"

गुंडानं हात जोडून सांगितलं, की तसलं काही नाही. तरी तक्रार मालकापर्यंत गेली आणि मालकाचा फोन आला. राहू देत, पण पाहुणे असताना आवाज होता कामा नये. गुंडानं हा निरोप दिला तेव्हा तो आकारामकडे न बघता दाराच्या कडीशी चाळा करत होता.

"खोकला काय इचारून येतो व्हय रं?" आकाराम म्हणाला.

"मला कळत न्हाई का गड्या? पर नोकरी हाय माझी."

त्यानंतर शनिवार-रविवार जयराज तोंडाशी उशी धरून बसायचा. खोकला दाबताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. आकाराम त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. सतरा वर्षं फौजेत त्यानं हिमालयातल्या रस्त्यांवर ट्रक चालवले होते, दरड कोसळली तर फावडं घेऊन उतरला होता. इथे उतरून करण्यासारखं काही नव्हतं.

मार्चमध्ये अंकिताची परीक्षा आली. जयराजनं जायचं ठरवलं. आकारामनं गाडीही सांगितली. आदल्या दिवशी जयराजला ताप चढला आणि गाडी परत पाठवावी लागली. पेपरच्या सकाळी त्यानं फोनवर मुलीला विचारलं, "पेन घेतलंस का? दोन घे." एवढं बोलून त्यानं फोन आकारामकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

एप्रिलपासून गर्दी वाढली. टेबल लँडवर घोडे दौडायचे आणि तांबडी धूळ उठून पायऱ्यांपर्यंत खाली यायची. सावलीतली जागा सोडावी लागली. मग ते बंगल्याच्या मागच्या उतारावर बसू लागले. तिथून एक पायवाट खाली जायची आणि तिच्यावरून घोडेवाले घोडे पाण्याला न्यायचे. त्यांतला धुळा नावाचा एक माणूस त्यांच्याजवळ थांबून तंबाखू मळायचा. आपण लय लांबून आल्याचं तो सांगायचा. कुठलं गाव विचारलं की म्हणायचा, "शिराळ्याचं." आकाराम म्हणायचा, "आरं, मग शेजारचाच की!"

"आता खाली जाऊया, आबा," जयराज एकदा म्हणाला.

"पावसाच्या आदी जाऊ. अजून म्हैनाभर हाय की. जेवढी हवा मिळंल तेवढी खरी."



मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जयराजला धाप लागली आणि ती खाली बसेना. पंप मारला, पुन्हा मारला. ओठ निळसर दिसू लागले. गुंडानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. पंधरा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला, की तो बाजारात गाड्यांत अडकलाय, पुढचं काही हलत नाही, मागंही जाता येत नाही.

आकाराम रस्त्यावर धावला. बंगल्याच्या फाटकापासून वळणापर्यंत गाडीला गाडी लागलेली. एका मोटरसायकलवाल्यानं थांबून त्यांना घेतलं. जयराजला मध्ये बसवलं, मागून आकारामनं धरलं. वळणावर एक बस आणि दोन मोठ्या गाड्या अशा तिरक्या अडकल्या होत्या, की मोटरसायकललाही वाट नव्हती. आकाराम खाली उतरला आणि हात वर करून ओरडू लागला. "ए, ती गाडी मागं घ्या! डावीकडं दाबा! पेशंट हाय!" एके काळी त्याच्या हाताच्या खुणेवर पन्नास ट्रक थांबत आणि निघत. इथे काचा बंद होत्या. एका काचेआडून एका बाईनं हात हलवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. एक-दोघं खाली उतरले, खटपट करू लागले, पण गाडी घेणार कुठे? जयराज मोटरसायकलस्वाराच्या पाठीवर कलंडला होता.

तेवढ्यात गुंडा धुळाला घेऊन धावत आला. धुळाच्या हातात घोड्याचा लगाम होता.

"आवं, मागल्या पायवाटंनं उतरू," धुळा म्हणाला. "तितं गाडी येत न्हाई. दवाखान्याच्या जवळच निगतो आपुन."

घोडा पर्यटकांसाठी सजवलेला होता. कपाळावर लाल गोंडे, गळ्यात घुंगरं, खोगिरावर टिकल्यांचं कापड. तिघांनी जयराजला वर चढवलं. तो पुढे वाकला आणि त्यानं घोड्याच्या मानेवर डोकं टेकवलं. एका बाजूनं आकाराम, दुसऱ्या बाजूनं गुंडा त्याची कंबर धरून चालू लागले. उतारावर घोडा जपून पाय टाकत होता आणि घुंगरं वाजत होती. "जया, आलं, आलं, हितंच हाय," असं आकाराम म्हणत राहिला.

पायवाट संपली तिथे बाजाराचा शंभरएक पावलांचा तुकडा ओलांडायचा होता. कणसांच्या आणि आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती माणसंच माणसं. घुंगरं ऐकून लोक वळले. कुणी फोन काढले. एका लहान मुलीनं जयराजकडे बघून टाटा केला. एक माणूस आकारामच्या बाजूनं चालत आला आणि म्हणाला, "चाचा, एक राउंड का कितना?"

आकाराम त्याच्याकडे बघत राहिला. "आजारी हाय वो," एवढंच तो मराठीत म्हणाला.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. दुपारपर्यंत ओठांचा निळेपणा उतरला. संध्याकाळी रेश्मा आणि अंकिता पोचल्या. रेश्मानं नवऱ्याच्या पायांवरून हात फिरवला आणि आकारामला विचारलं, "आबा, तुमी जेवलासा का?" सकाळपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी त्याला आत बोलावलं. तिशीतली असेल. तिनं मिरजेची जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावली होती.

"घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, काका. आता बहुतेक कायमच."

"हितल्या हवेचा कायतरी उपेग झाला आसंल की, डॉक्टर?"

ती म्हणाली, "त्यांना बरं वाटलं असेल. पण आजार हवेनं थांबत नाही. तो आपल्या चालीनं पुढे जात होता."

"म्हंजे खाली ऱ्हायला असता, बायकापोरींजवळ, तरी..."

डॉक्टरीण बाईंनी दोन्ही फिल्म पाकिटात घातल्या. "तुम्ही चांगल्यासाठीच आणलंत ना," ती म्हणाली.

आकाराम बाहेर आला. मग खाटेजवळ गेला. रेश्मा आणि अंकिता खोलीतलं सामान आवरायला बंगल्यावर गेल्या होत्या. त्यानं जयराजला सगळं सांगितलं. लपवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

जयराजनं नाकावरची नळी नीट केली. "मला ठावं हुतं, आबा. संक्रांतीच्या सुमारालाच कळलं हुतं मला."

"मग बोलला का न्हाईस? पोरीच्या परीक्षंला जायचं ऱ्हायलं रं तुजं."

"तुमी पाटं उटून पाणी तापवायचा," जयराज अडखळत, श्वास घेत म्हणाला. "खुर्ची घिऊन चालायचा. तुमाला वाटत हुतं, काय तरी चाललंय. कसं सांगू?"

आकारामनं खाटेची कड धरली. बाहेर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं.

मे संपता संपता ते पलूसला आले. रेश्मानं नोकरीतून सुटी घेतली होती. मशीन खाटेच्या उशाला बसवलं. वीज गेली तर लागेल म्हणून मोठा सिलिंडरही आणला. सगळं ती बघायची. औषधांच्या वेळा, नळी धुणं, जेवण. अंकिता बापाचे पाय दाबत निकालाच्या, कॉलेजच्या गोष्टी सांगायची. जयराज त्यानंतर नागपंचमीपर्यंत होता.

त्या दिवसांत आकारामला घरात काही काम उरलं नाही. पहाटे तो सवयीनं उठायचा, चुलीकडे जायचा, तर तिथे रेश्मानं आधीच पाणी ठेवलेलं असायचं. तो परड्यात जाऊन यायचा, म्हशीला वैरण टाकायचा, परत येऊन खाटेशेजारी बसायचा.

"पाणी दिऊ का रं?"

"नको, आबा."

"खिडकी उगडू?"

"उगडीच हाय."

मशीन घरघरत राहायचं. थोड्या वेळानं त्याला राहवायचं नाही आणि तो पुन्हा विचारायचा, "उशी वर घिऊ का?" उशी चांगली होती. जयराज बापाकडे बघायचा, मान थोडी उचलायचा आणि म्हणायचा, "घ्या."