आठवा माणूस

संस्थेला चाळीस वर्षं झाली म्हणून आताच्या चिटणीसबाईंनी माझ्यापुढे कोरे कागद टाकले. "आजी, इतिहास लिहा. पण जरा भारदस्त होऊ द्या." भारदस्त म्हणे! आमची पहिली सभा माझ्या शिवणकामाच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून झाली. घडलं ते लिहिते. नाही आवडलं तर बसा कपाळाला हात लावून.

संस्था काढली ती माझ्या ताईसाठी. बाळ गेल्यावर ताई तीन महिने कुणाशी बोलली नाही, तर मेहुण्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं आणि स्वतः दुसरा संसार थाटला. वर्षभरात ताई ठणठणीत झाली. पण नियम असा, की ज्याने आत घातलं त्याच्याच सहीने बाहेर. मेहुणा काही सही करेना. अशी अकरा वर्षं गेली.

आमचे अध्यक्ष वकील होते. काहीही सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "सबुरीने घ्या." म्हणून त्यांचं नावच सबुरी पडलं. त्या सबुरीत आमचे एकेचाळीस अर्ज जिरले. माझं डोकं नुसतं फिरायचं.

बेचाळिसाव्या अर्जाला इस्पितळ आतून बघायची परवानगी मिळाली. आम्ही आठजण गेलो. फाटकावरचा पहारेकरी काठीने डोकी मोजायचा. "आठ आत, आठ बाहेर," एवढंच त्याचं शास्त्र. तोंडं तो बघतच नसे. पुरुषांच्या विभागात एकाने सबुरींची बाही धरली आणि विचारलं, "आज तारीख काय हो?" झालं! सबुरींची पाचावर धारण बसली. दिसेल त्या दारातून पसार.

परत फाटकाशी आलो तर आम्ही सातच. पहारेकऱ्याने किल्ली खिशात घातली. "आठवा आणा."

"तो केव्हाच पळून घरी गेला असेल," मी म्हटलं.

"माझ्यासमोरून चिटपाखरू गेलेलं नाही. आठवा आणा."

आमच्यातले निवृत्त पोस्टमन माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला लांब कोट काढला आणि माझ्या हातात दिला.

ताई धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. "चल," मी म्हटलं.

"सही कुणाची?"

"कुणाचीच नाही. बाहेर एक माणूस कमी पडतंय. चल की गं बाई!"

कोट घालून ती रांगेत उभी राहिली. काठी आठ वेळा हलली आणि फाटक उघडलं. माझ्या दुकानाच्या दारात मात्र ताई थबकली. "मोज ना," म्हणाली. "मोजल्याशिवाय आत कसं यायचं?" मी चिडून तिला हाताला धरून आत ओढलं. मग मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबुरींची बायको दारात हजर. "आमचे हे घरी आलेच नाहीत!" आमचं धाबं दणाणलं. इस्पितळाकडे धावलो. मी नको नको म्हणत असताना ताईही तोच कोट चढवून निघाली. "आत कसं वागायचं ते त्यांना कुठे ठाऊक आहे?" म्हणाली.

इस्पितळाचे अधीक्षक वही उघडून बसले होते. बायकांत एक कमी, पुरुषांत एक जास्त, एकूण बरोबर. "माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "काल एक वकील वाढला खरा. 'मी अध्यक्ष आहे' म्हणून ओरडतोय. पण अध्यक्ष आमच्याकडे आधीचेच तीन आहेत."

सबुरींना आणलं. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, घसा पार बसलेला. रात्रभर ते 'मी शहाणा आहे' म्हणून ओरडत होते, आणि दर ओरडण्याला दाराला एक कडी वाढत होती. ताई त्यांच्या कानाशी लागली. "शहाणा आहे असं इथे म्हणायचं नसतं. चहा चांगला झालाय म्हणायचं."

आता कुठे अधीक्षकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. "असं होय! मग हे बाहेर, ही आत. आकडा जुळला पाहिजे." ताई कोटाची बटणं सोडायला लागली. सबुरी आता 'सबुरीने घ्या' म्हणाले असते तर मी त्यांचं टाळकंच फोडलं असतं.

"लिहा," सबुरी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एका धडधाकट वकिलाला तुम्ही कोंडून ठेवलंत असं लिहा, मी ते वर्तमानपत्रात छापून आणतो. नाहीतर ही बाई बरी झाली म्हणून सोडली, असं लिहा. पण आत्ता लिहा. मी इथून हलत नाही."

अधीक्षकांनी 'बरी झाली' असं लिहिलं आणि खाली त्या दिवसाची तारीख टाकली. ताईने कागद दोनदा वाचला. "आज बरी झाले होय?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं इथे चादरी कोण धूत होतं?" अधीक्षकांनी वही मिटली.

त्याच आठवड्यात सभा भरली. सगळे आले, सबुरींचा पत्ता नाही. बघते तर दारात उभे. मान खाली, हात अंगाला चिकटलेले.

"या की! आमंत्रण देऊ का?" मी ओरडले. ते हलेनात. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात ताई हातातलं शिवण ठेवून उठली. त्यांच्या खांद्याला बोट लावून म्हणाली, "एक. या आत."

एका रात्रीत माणसाची ही गत. सबुरी गठ्ठ्यावर येऊन बसले आणि त्यांनी खिशातून त्रेचाळिसावा अर्ज काढला.

"त्या तारीख विचारणाऱ्यासाठी," ते म्हणाले. "आजच जायला हवा."