गुळण्यांच्या प्रती

त्या दुपारी बाबा तोंडात पाणी धरून मायक्रोफोनसमोर गात होते आणि मी ध्वनिमुद्रण सांभाळत होते. निवृत्त ध्वनिमुद्रक, त्यांना गुळण्यांचंही मुद्रण चोख लागे.

मी आणि बाबांनी उभारलेलं जुन्या गाण्यांचं जाळं साधं होतं. ओळखीच्या घरांतले संगणक एकमेकांना जोडलेले, मधे मुख्य असा कुणी नाही. जुनं गाणं हवं असलं की आपला संगणक शेजारच्याला विचारणार, तो त्याच्या शेजारच्याला. चार-पाच घरांनंतर प्रश्न थांबायचा. गाणं त्यापलीकडे असलं तर सापडायचंच नाही. बाबांनी तोड काढली: सापडलेली फाइल परत येताना वाटेतल्या प्रत्येक संगणकाने तिची प्रत ठेवून घ्यायची. पुढच्या वेळी ती जवळच भेटेल.

"पण चाचणीला गुळण्या कशाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणाकडे नसणार म्हणून!"

फाइल हमखास सापडावी म्हणून त्यांनी तिला सुचतील तेवढे शोधशब्द चिकटवले. झालं! कुणी काहीही शोधलं की गुळण्या, आणि वाटेतल्या घरोघरी गुळण्यांच्या प्रती. जाळ्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नवी फाइल आपोआप वाजते. तिथले एक आजोबा निमूटपणे उठून चूळ भरून आले. मग आत्याचा फोन.

"दादा, लाज सोडलीस? नातवाला अंगाई लावायला गेले, तर तू!"

"झोपला का?"

"खिदळतोय नुसता! आधी पुसून टाक ते."

बाबांनी हसत हसत सगळ्यांना पुसायला सांगितलं, स्वतःचीही फाइल पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

पुढे एकदा मला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचेच आवाज टिपले होते. जाळ्याला विचारलं. काही नाही. सगळ्यांनी इमानेइतबारे पुसलं होतं. मग मी घरांची मर्यादाच काढून टाकली आणि पडद्याकडे बघत बसले.

उत्तर आलं. आत्याकडून.

मी फोन लावला. "आत्या, तू पुसलं नाहीस?"

"मी दादाला सांगितलं होतं. मी कशाला पुसू?"

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "अगं, तुझे बाबा पुन्हा आले इथे! खुर्चीतला माणूस हसतोय, दाढ कशी काढू?"

वाटेतल्या प्रत्येक घरी प्रत उतरली होती. मीही फाइल लावली. गुळण्या संपल्या, बाबा खाकरले. "हं, बंद कर आता."

मी बंद केलं नाही. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, ते मी मोठ्यांदा म्हणाले, "बाबा, तुमच्याबरोबर काम करताना मला फार मजा यायची."