उजव्या बाणाचं बटण

केसरबाईंच्या अंगणात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर झेंडूचा हार घातलेला एक जुना लॅपटॉप. कुणाचा हात लागत नव्हता, तरी पडद्यावरचे फोटो आपोआप पुढं पळत होते. लग्नातले, हळदीतले, बारशातले. पळता पळता ते एका फोटोवर येऊन थांबले. चुलीपाशी बसून घाम पुसत हसणारी केसरबाईंची सून, संजीवनी.

"बाप्पा! पुन्हा तिच्यावरच!" बायांनी तोंडाला पदर लावले.

"हा लॅपटॉप नाही, यमलोकाची खिडकी हाय!" अलखबाबा गरजले. "याले वायफाय लागत नाही, श्वासाचं कनेक्शन लागते. पोरानं बोट दाखवलं. आपल्या जिवाचा वैरी दाखवला!"

पोरगा म्हणजे प्रज्वल, केसरबाईंचा एकुलता एक मुलगा. चिखलीला लग्नाचे फोटो काढायला निघाला आणि वाटेत ट्रकनं उडवला. दोन महिने झाले होते. दुखवट्याला आलेल्या बाबांनी त्याच्या लॅपटॉपला गंध लावलं अन् फोटो पळू लागले. तेव्हापासून दर गुरुवारी हा दरबार.

आज बाबांनी निकालही देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी संजीवनीनं घर सोडायचं. तीन वर्षांच्या छकुलीनं मात्र आजीजवळच राहायचं, कारण आईची सावली तिलाही खाईल.

दाराआड उभी संजीवनी सगळं ऐकत होती. खरं सांगायचं तर तिचाही अर्धा विश्वास बसत चालला होता. त्या सकाळी "लवकर निघा, उशीर होऊन राह्यला," असं तीच म्हणाली होती. माणूस दुःखात असला की स्वतःवरचा कुठलाही आरोप त्याला खरा वाटतो. अशा बाबांची भाकरी त्यावरच भाजते.

बाबांनी पुन्हा एकदा दाखवायचं ठरवलं. मोरपिसाच्या देठानं कोपरे खरवडत लॅपटॉप झाडला, पहिला फोटो लावला, मग पडद्याला गंध, चारी कोपऱ्यांना गंध. शेवटच्या कोपऱ्यावर, खाली उजवीकडे, अंगठा जरा जोरात टेकला. फोटो पळू लागले.

तो कोपरा पाहताच संजीवनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

उजव्या बाणाचं बटण! छकुलीनं चमच्यानं ते उपटलं होतं आणि खालचा प्लास्टिकचा चिमटा मोडला होता. लग्नसराईत दुरुस्तीला द्यायला सवड कुठली? प्रज्वलनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्याच्यावर बटण चिकटवलं होतं. "हळू दाबजो," तो सांगायचा, "जोरात दाबलं की शेजारच्या बटणाखाली अडकून बसते. मंग नखानं उचला लागते." ती त्याच्या शेजारी बसून अल्बम लावायची, तेव्हा दोघंही त्या जुगाडाला हसायचे. आणि तिचा तो चुलीपाशचा फोटो त्यानं निघायच्या आधी, कॅमेरा तपासायला काढून लॅपटॉपमध्ये टाकला होता. सगळ्यांत शेवटचा.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर भूत ओरडलं असं ठरलं असतं. हात जोडून पुढं आली. "बाबा, जायच्या आधी तुमचा एक फोटो काढू द्या. लेकीच्या उशाशी ठेवीन."

बाबा खुलले. आशीर्वादाचा हात उंच धरून त्यांनी झकास फोटो दिला. दुसऱ्या दिवशी केसरबाई वावरात गेल्यावर संजीवनीनं तो मोबाइलमधून लॅपटॉपमध्ये घातला, आपल्या फोटोच्या मागं, अगदी शेवटी.

पुढच्या गुरुवारी तिची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. छकुली आजीच्या कडेवर.

"दाखव बेटा, वैरी दाखव!" बाबांनी प्रज्वलला हाक दिली.

गंध लागलं, अंगठा टेकला, फोटो पळाले आणि थांबले. पडद्यावर अलखबाबा हात उंचावून आशीर्वाद देत होते.

अंगणातल्या माना आधी पडद्याकडे, मग बाबांकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बाबा, मंग तुमीच का?"

"आत्मा... आत्मा भटकला!" बाबा मोरपिसाकडे झेपावले.

"राहू द्या," संजीवनी म्हणाली. तिनं नखानं बटण उचललं, डाव्या बाणानं एक फोटो मागं घेतला, मग ते हळूच दाबून एकच फोटो पुढं करून दाखवला. मग ते बटण उपटून खालचा ट्यूबचा तुकडा सगळ्यांसमोर धरला. "हे दाबून बसलं की फोटो पळतेत, अन् शेवटच्यापाशी थांबतेत. शेवटी म्हशीचा फोटो ठेवला, तर तुमी म्हशीले घराबाहेर काढान का?"

बाबांची जीप निघाली तेव्हाही दोघी-तिघी वाकून त्यांच्या पाया पडल्याच.

केसरबाईंनी तो ट्यूबचा तुकडा हातात घेतला. "म्हंजे माहा प्रज्वल... नव्हता त्याच्यात?"

"नाही, आत्याबाई."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मग त्या माउलीनं जो हंबरडा फोडला, तो दोन महिने आत कोंडून राहिलेला होता. बाबानं तिला मुलाच्या मरणावर धड रडूही दिलं नव्हतं. रडता रडता तिनं छकुलीला संजीवनीच्या मांडीवर ढकललं आणि सुनेचा हात घट्ट धरला.

मेलेलं माणूस कुणाकडे बोट दाखवत नाही. दाखवतो तो जिवंत माणूस, आणि बहुधा ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्याकडेच. चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण हात जोडण्याआधी त्या वस्तूला हात लावा, उलटी करा, बटण दाबून पाहा. त्या अंगणात इतके गुरुवार गाव जमलं होतं. वाकून बघायचं एकालाही सुचलं नाही, आणि एका लेकराची आई जवळजवळ घराबाहेर गेलीच होती.